वळसंगच्या शाळेत कानडीला जागा कुठे?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

मी मूळची सोलापूरची, एम.ए. बी.एड. पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सासर वळसंगचं. सासरे, म्हणजे आबा, अक्कलकोट रस्त्याजवळची दोन एकर जमीन शाळेसाठी द्यायला तयार आहेत. पुढच्या जूनपासून मराठी-इंग्रजी द्विभाषिक आणि मूल्याधारित शाळा सुरू करायची, बालवर्ग ते चौथी एकदमच, असं आमच्या मनात आहे. रोज एक तास मूल्यशिक्षणाचा ठेवणार आहोत. त्यात श्लोक, प्रार्थना, थोरांची चरित्रं असतील. अडचणी दोन. गावातले पालक म्हणतात, ‘फुल इंग्लिश असेल तरच पाठवू.’ आणि ओळखीचे एक बांधकाम व्यावसायिक इमारत बांधून द्यायला तयार आहेत, पण विश्वस्त मंडळावर तीन जागा मागतात. दोघांनी नोकरी सोडून गावी यावं का? सुरुवात कुठून करावी?
– एक शिक्षिका, पुणे

ताई,

तुमच्या पत्रात मराठी आहे, इंग्रजी आहे, श्लोकांच्या निमित्ताने संस्कृतही आहे. कानडी मात्र कुठेच नाही. वळसंगच्या शाळेबद्दलच्या पत्रात ती नसावी हे मला खटकलं. म्हणून जमीन, इमारत, बिल्डर हे सगळं बाजूला ठेवून आधी तिथूनच सुरुवात करते.

आबांना विचारा, पारावर संध्याकाळी कोणत्या भाषेत गप्पा चालतात. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत किती घरांत आजी नातवाला कानडीत हाक मारते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, तुम्ही त्या घरची सून आहात. जवळच कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहती आहेत, तिथे घरोघरी तेलुगू आहे. मुसलमान वस्तीतली मुलं दखनी बोलत येतील. म्हणजे तुमच्या बालवर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांची मराठी ही दुसरी भाषा असेल आणि इंग्रजी तिसरी. तुम्ही जिला द्विभाषिक म्हणताय ती शाळा त्या मुलांसाठी दोन परक्या भाषांची शाळा होईल.

याचा परिणाम अगदी गणिताच्या तासाला दिसतो. बाईंनी ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की कानडी किंवा तेलुगू घरातलं मूल पाटीवर ७४ लिहितं. मराठीत एकक आधी येतो आणि दशक नंतर. कानडीत ‘नलवत्तेळु’, तेलुगूत ‘नलभै एडु’, म्हणजे आधी चाळीस, मग सात. इंग्रजीतही तसंच. मुलाचा हिशेब चुकलेला नसतो, त्याने फक्त आपल्या घरच्या क्रमाने ऐकलेलं असतं. ज्या बाईंना हे ठाऊक नाही त्या लाल रेघ मारतात आणि ‘गणितात कच्चा’ असा शेरा लिहितात. ज्यांना ठाऊक आहे त्या त्याच्याकडून आधी कानडीत मोजून घेतात, मग दशकाच्या जुड्या आणि सुट्ट्या काड्या समोर ठेवून मराठी नाव सांगतात आणि गंमत म्हणून इंग्रजी नावही. कानडीतून इंग्रजी आकडे त्याला मराठी आकड्यांपेक्षा सोपे जातात हे पाहून पालकसुद्धा चकित होतील.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. रणजितसिंह डिसले गुरुजी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवर गेले, तेव्हा मुलांची बोली कानडी होती आणि पुस्तकं त्यांना कळत नव्हती. गुरुजींनी स्वतः कानडी शिकून घेतली आणि पाठ मुलांच्या भाषेत आणले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा बोलबाला त्यांनी पुस्तकांत घातलेल्या क्यूआर कोडचा झाला. माझ्या लेखी मोठी गोष्ट कानडी शिकण्याची होती.

तेव्हा तुमच्या शाळेची भाषेची घडी मी अशी बसवीन. बालवर्गात कानडी येणारी एक ताई हवीच. ती शिपाई किंवा मदतनीस म्हणून नको, शिक्षिका म्हणून हवी. वर्गात गोष्टी, गाणी, भांडणं, रडणं सगळ्या भाषांत होऊ द्या. मराठी रोज भरपूर कानावर पडू दे. इंग्रजीही पहिल्या दिवसापासून असू दे, पण ती तोंडी. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या बाईंकडून, खेळ, कृती, सूचना आणि गाण्यांतून. ए फॉर ॲपल घोकून घेऊ नका. वाचन-लेखन आधी मराठीत पक्कं करा. एका लिपीत वाचनाची किल्ली सापडली की दुसऱ्या लिपीसाठी ती नव्याने घडवावी लागत नाही. इंग्रजी वाचन दुसरीच्या सुमारास घ्या, घाई केलीत तर दोन्ही अर्धवट राहतील. भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय की परक्या भाषेत बोलण्यापुरती सफाई वर्ष-दोन वर्षांत येते, पण त्या भाषेतून विज्ञान-इतिहास समजून घेण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमचे पालक पोपटासारखं बोलणारं लेकरू पाहून खूश होतात आणि पाचवीत ते पुस्तक उघडत नाही म्हणून क्लास लावतात, त्याचं मूळ या फरकात आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलंय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. परवानगीच्या अर्जात माध्यम लिहावं लागतं, तिथे मराठी लिहा आणि पुढे गणित-विज्ञान सेमीने, म्हणजे तेवढे दोन विषय इंग्रजीतून, न्या. इंग्रजी माध्यम लिहिलंत की पहिलीपासून सगळी पुस्तकं इंग्रजी येतील आणि तुमची घडी पहिल्याच वर्षी विस्कटेल.

पालक ‘फुल इंग्लिश’ मागतात त्यांना कृपा करून अडाणी समजू नका. मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळणारी आई इंग्रजी मागते, कारण सोलापुरात कोणत्या खुर्चीवर कोणती भाषा बसलेली आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. तिची मागणी खरी आहे, तिला सांगितलेला रस्ता चुकीचा आहे. तिला भाषण देऊ नका. दर तीन महिन्यांनी वर्ग उघडा ठेवा, तिला बसू द्या, मूल इंग्रजीत काय काय बोलतंय ते ऐकू द्या आणि त्याच मुलाला मराठी गोष्ट वाचून तिला समजावू द्या. मात्र सभेची वेळ तुमच्या सोयीने सकाळी अकराची ठेवू नका. विड्या कारखान्यात देऊन, पान घेऊन ती घरी आल्यावरची वेळ धरा, मागावरची पाळी सुटल्यावरची धरा. शाळा पालकांचा मान ठेवते की नाही हे सभेची वेळ ठरवताना कळतं.

इथेच मी मूल्यशिक्षणाकडे येते, कारण माझ्या मते तुमचे हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या शाळेत सोलापुरी बोलीत ‘काय करलालाव’ म्हणणाऱ्या पोराला बाई सगळ्यांसमोर ‘नीट मराठी बोल’ म्हणतात आणि कानडी बोलल्याबद्दल दंडाची पेटी असते, त्या शाळेने पुढच्या तासाला आदर आणि समता यांवर धडा घ्यावा, हे मला पटत नाही. मुलं धडा विसरतात, पेटी लक्षात ठेवतात. प्रमाण मराठी जरूर शिकवा, पण बोलीच्या जागी नव्हे, बोलीच्या सोबतीला.

रोजचा वेगळा तास मी ठेवणार नाही. त्याऐवजी चार-पाच गोष्टी लिहून विश्वस्तांच्या पहिल्या सभेत ठराव म्हणून मंजूर करून घ्या: कुठल्याही मुलावर हात उगारला जाणार नाही, टोमणा मारला जाणार नाही. शौचालयं फक्त ठराविक मुलांकडून साफ करून घेतली जाणार नाहीत. डबा सगळे एकत्र खातील. शिक्षकांचा पगार कागदावर एक आणि हातात एक असा असणार नाही. फी भरली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं केलं जाणार नाही. यातल्या काहींना शिक्षण हक्क कायद्याचाच आधार आहे. मारणं आणि मानसिक छळ कलम १७ ने बंद आहे, तीन वर्षांच्या लेकराची किंवा आईबापांची प्रवेशासाठी मुलाखत घेणं आणि देणगी मागणं कलम १३ ने. देणगी घेतली तर तिच्या दहापट दंड होऊ शकतो. पण कायदा आहे म्हणून पाळणं आणि आपलं आहे म्हणून पाळणं यातला फरक मुलांना बरोबर समजतो.

श्लोकांबद्दल सांगायचं तर प्रार्थना असू द्या, पण वर्गात लिंगायत, बौद्ध, मराठा, पद्मशाली, मुसलमान अशी सगळी लेकरं असतील हे धरून ती निवडा. बसवण्णांची वचनं, तुकोबांचे अभंग, कबिराचे दोहे आणि संविधानाची उद्देशिका यांत कुणाच्याच घराला परकं वाटणार नाही. चरित्रं दूरची शोधू नका. वळसंगला दलितांनी कष्टाने खोदलेली विहीर आहे, बाबासाहेब आंबेडकर तिथे येऊन गेले. चौथीच्या मुलांना चालत तिथे न्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करू द्या. सोलापुरात ज्या चार हुतात्म्यांचे पुतळे आपण येता-जाता पाहतो ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. चौघांची घरं चार वेगवेगळ्या समाजांतली. हे सांगितल्यावर ‘सर्वधर्मसमभाव’ फळ्यावर लिहायची गरज पडणार नाही. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केलं, तेही आपल्याच जिल्ह्यात. तयार साहित्य हवं असेल तर शांतिलाल मुथा फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम बघा. २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू होऊन तो पुढे राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांत गेला. संविधानातली मूल्यं जोडीत, गटात बोलून आणि करून कशी रुजवायची हे त्यात चांगलं उतरलंय.

आता पैशाचं. बालवर्ग ते चौथी एकदम सुरू करू नका, हे मी ठामपणे सांगते. दुसरीकडून उठून आलेली चौथीची मुलं तिथल्या सवयी घेऊन येतात, आणि पाच वर्गांसाठी पाच चांगले शिक्षक पहिल्याच जूनला तुम्हाला मिळणार नाहीत. एक बालवर्ग घ्या, दर वर्षी एक वर्ग वाढवा. तरीही हिशेब कसा येतो पाहा. ३० मुलं, त्यांतली शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे २५ टक्के, म्हणजे ८ मोफत धरा. उरलेल्या २२ जणांकडून महिना १,२०० रुपये फी घेतली तर २६,४०० होतात. दोन शिक्षिकांना १८ हजार प्रत्येकी आणि मावशींना ९ हजार दिले की ४५ हजार खर्च फक्त पगारांचा. वीज, साहित्य, पाणी धरून महिन्याला २५ हजारांची तूट, वर्षाला तीन लाख. वर्ग वाढतील तशी सुरुवातीला तूटही वाढेल. या २५ टक्के मुलांच्या फीपोटी सरकारकडून मिळणारे प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर येतील असं धरून चालू नका. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाविना चालणाऱ्या शाळेला शालेय पोषण आहारही मिळत नाही. त्यामुळे तीन वर्षांचे पगार बँकेत आल्याशिवाय पाया खणू नका. पगार आठ हजारांवर आणून हा हिशेब जुळवणाऱ्या शाळा तुम्ही पाहिल्या असतील. तिथे शिक्षिका दर दिवाळीला बदलतात, आणि बाई बदलल्या की लहान मुलाची भाषा थबकते.

कागदांचा क्रम चुकवू नका. आधी संस्था, तिची धर्मादाय कार्यालयात नोंदणी. मग जमीन संस्थेच्या नावावर नोंदणीकृत बक्षीसपत्राने. त्याआधी आबांसमोर आणि दिरांसमोर एक गोष्ट स्पष्ट बोला: एकदा जमीन न्यासाची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, घरात परत येत नाही. आबांच्या माघारी हा विषय कोर्टात गेला तर शाळा मोडते. मग बिगरशेती परवानगी आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली प्रस्ताव. आधी इरादापत्र, मग मान्यता. ‘पहिली सुरू करू, मान्यता येईल मागाहून’ असं सांगणारे भेटतील. मान्यतेविना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. शिवाय त्या मुलांच्या दाखल्यांचं काय, हा प्रश्न दंडापेक्षा मोठा.

तुमच्या स्वतःच्या पदवीचंही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. तुम्ही बालवर्ग सांभाळू शकता, शाळा चालवू शकता. पण पहिलीच्या शिक्षिका म्हणून स्वतःचं नाव धरून बसू नका.

बांधकाम व्यावसायिकांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. इमारतीवर त्यांच्या आईवडिलांचं नाव लावा, आनंदाने लावा. तीन जागा देऊ नका. सात जणांच्या मंडळात तीन त्यांचे, त्यात एक नाराज नातेवाईक मिळाला की फी, प्रवेश आणि पगार त्यांच्या हातात. मंडळावर गावातली एक आई असू द्या, एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आणि हिशेब कळणारं एक माणूस असू द्या. तुमच्या घरातले दोनच.

इमारतही सुरुवातीला साधी चालेल, पत्र्याचं छत मात्र नको. सोलापूरचा एप्रिल पत्र्याखाली काढणं लहान मुलांना शक्य नाही. जाड भिंती, उंच छत, समोरासमोर खिडक्या, अंगणात कडुलिंब. पाणी शहरातच काही दिवसांआड येतं, तेव्हा टाकी आणि छतावरच्या पाण्याची साठवण आराखड्यातच धरा. मुलींचं शौचालय पहिल्या दिवशी तयार हवं, नळाला पाणी असलेलं.

नोकरीबद्दल: दोघांनी सोडू नका. मिस्टरांचा पगार ही पहिल्या पाच वर्षांत शाळेची सगळ्यात मोठी देणगी असेल. तुम्ही या, पण शाळा काढायला म्हणून येऊ नका. पहिलं वर्ष गावातल्या जिल्हा परिषद शाळेत द्या. मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीला विचारा, दुपारनंतर मुलांसाठी वाचनालय आणि इंग्रजी बोलण्याचा तास विनामूल्य चालवा. तिथल्या गुरुजींशी बसा, कानडी शिका. तुमच्या शाळेने त्या शाळेचा पट खाली आणला, फी न परवडणारी पोरं तिथे एकटी उरली आणि पुढे ती शाळाच बंद पडली, तर गावाचं नुकसान होईल. मूल्यांच्या नावाने शाळा काढणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. कदाचित त्या वर्षाच्या शेवटी तुम्हालाच वाटेल की गावाला नव्या प्राथमिक शाळेपेक्षा चांगल्या बालवर्गाची गरज जास्त आहे. तसं झालं तर आबांच्या जमिनीवर फक्त बालवर्ग काढा आणि मुलं पुढे जिल्हा परिषदेत पाठवा. त्यात कमीपणा काही नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला लहान मुलांचंच काम केलं आणि त्यातून अंगणवाडीची वाट निघाली.

त्याच वर्षात दोन-तीन शाळा आठवडाभर राहून पाहा. फलटणचं कमला निंबकर बालभवन आधी. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला घर केलं आणि उभारलेली शाळा मराठी माध्यमाची ठेवली, तिथे मुलं वाचायला कशी शिकतात ते बघा. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांचं सृजन आनंद विद्यालय. १९९३ च्या भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने उभं केलेलं हराळीचं केंद्र तर तुम्हाला जवळच आहे. वर्ग बघून परत फिरू नका. शिक्षकांच्या बैठकीला बसू द्या म्हणून विनंती करा, पगारपत्रक आणि वेळापत्रक दाखवा म्हणा.

पुढचा जून सोडून द्या, त्याच्या पुढचा धरा. या महिन्यात दोनच कामं: दिरांसमोर आबांशी जमिनीचं बोलणं, आणि वळसंगला जाऊन पाच वर्षांच्या आतल्या मुलांची घरोघर फिरून यादी. यादीत नाव, वय, आई काय काम करते आणि घरात कोणती भाषा बोलतात, एवढंच लिहा. ती हातात आली की मला पाठवा, वेळापत्रक आपण मिळून बसवू.